उद्याच्या काळाचा पोशाख

सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूरच्या जुन्या तटबंदीपासून हाकेच्या अंतरावर, इंग्रजी अंमलातील पलटणीच्या छावणीमुळे वाढीस लागलेले परतवाडा हे गाव मेळघाटच्या सागवानाची बाजारपेठ म्हणून वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु मराठी वाङ्मयाच्या दप्तरात त्याची नोंद निराळ्याच कारणासाठी व्हावयास हवी. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे दोन अध्यक्ष या एका गावात, बरोबर पंचवीस वर्षांच्या अंतराने जन्मास आले. पहिले गोपाळ नीलकंठ दांडेकर, जन्म १९१६, ज्यांनी १९८१ साली अकोल्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. दुसरे अरुण साधू, जन्म १९४१, ज्यांना तो मान २००७ साली नागपुरास मिळाला. दांडेकरांची दृष्टी स्वभावतःच मागे वळणारी, गडकिल्ल्यांच्या चिरेबंदीत आणि शिवकालाच्या धामधुमीत रमणारी. साधूंनी विज्ञानाची पदवी अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयातून घेतली, पुढे वृत्तपत्रव्यवसाय पत्करला, मुंबईच्या सत्ताकारणाचा पंचनामा कादंबरीच्या रूपाने केला आणि एवढ्यावर न थांबता 'विप्लवा' ही विज्ञान-कादंबरीही लिहिली. एकाच मातीतल्या या दोन लेखकांनी काळाची दोन टोके अशी वाटून घेतली असता, पुढे घरोघर आलेल्या दूरचित्रवाणीच्या पडद्याने त्यांपैकी कोणत्या टोकाला जवळ केले आणि कोणत्याला दारातच तिष्ठत ठेवले, याचा शोध घेतल्यास आपल्याकडील विज्ञानमालिकांच्या जन्माची आणि त्यांना लाभलेल्या, किंवा न लाभलेल्या, प्रतिष्ठेची हकीकत बरीचशी उलगडते.

पडद्याच्या विद्येत वऱ्हाड मागासलेला होता असे मात्र कोणी समजू नये. विश्राम बेडेकर १९०६ साली अमरावतीस जन्मले आणि त्यांच्या मागोमाग, १९०७ साली, त्याच शहरात गजानन जागीरदार जन्मले. आणि 'प्रभात'च्या १९४४ सालच्या 'रामशास्त्री' या चित्रपटाच्या दिग्दर्शनात राजा नेने यांच्यासह या दोघांचाही हात होता, जागीरदारांनी तर प्रत्यक्ष रामशास्त्र्यांची भूमिकाही वठविली. पेशवाईचा दरबार, न्यायासनावरील निःस्पृह शास्त्री, वाड्याच्या चौकातील कारस्थाने, या सर्वांना पडद्यावर असे काही सजीव रूप आले की, त्यानंतरच्या मराठी ऐतिहासिक चित्रपटांना त्याच मापाने मोजण्याचा शिरस्ता पडला. पुढे १९६० साली 'प्रभात'च्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली तेव्हा तिचे पहिले प्रमुख म्हणून जागीरदारांचीच नेमणूक झाली; आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हेच गृहस्थ दूरदर्शनसाठी 'स्वामी' ही माधवराव पेशव्यांच्या जीवनावरील मालिका दिग्दर्शित करते झाले. अमरावतीच्या एका माणसाने पेशवाई चित्रपटगृहातही उभी केली आणि चाळीस वर्षांनी दिवाणखान्यातही आणून बसविली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण भूतकाळ उभा करण्याची विद्या आपल्याकडे किती मुरलेली होती हे तीवरून दिसते.

भविष्यकाळाची विद्या तेवढी मुरलेली नव्हती, तरी ती अगदी काल-परवाची होती असेही नाही. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा मराठी अवतार कृष्णाजी आठल्ये यांनी आपल्या 'केरळकोकिळ' मासिकातून १९०० साली वाचकांपुढे ठेवला होता. कोचीनसारख्या दूरच्या बंदरावर जन्मलेल्या मासिकातून मराठी माणसाने प्रथम चंद्रावर पाऊल टाकावे, हा योग मोठा मौजेचा आहे. श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही १९१५ सालची कथा मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून सांगितली जाते. भा. रा. भागवतांनी व्हर्नची गोडी कुमारवाचकांना लावली. तथापि या सर्व लेखनाकडे जाणते वाचक करमणुकीचा, फार तर मुलांच्या रंजनाचा, प्रकार म्हणूनच पाहत. समीक्षकांच्या पंगतीत त्याला पाट मिळत नसे.

तो पाट मिळाला तो एका संस्थेमुळे. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानरंजन कथांच्या स्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे दिलेले होते. या नावाची आद्याक्षरे उलटीकडून वाचली असता जयंत विष्णू नारळीकर हे नाव हाती लागते, हे परीक्षकांना अर्थातच ठाऊक नव्हते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडून जगभर नावाजलेल्या, तिशीच्या आत पद्मभूषण झालेल्या शास्त्रज्ञाने आपले वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून टोपणनाव घ्यावे, यात सौजन्य तर आहेच. पण मला त्यात एक चाणाक्षपणाही दिसतो. कथा कथा म्हणून उत्तीर्ण झाली की नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची प्रशंसा केली, आणि ज्या वाङ्मयप्रकाराला काल-परवापर्यंत कोणी विचारीत नव्हते त्याची नोंद साहित्यदरबारच्या बारनिशीत झाली. १९१२ साली हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यास जे संमेलन भरले त्यातल्या एखाद्या सभासदास, पुढे एका खगोलशास्त्रज्ञाला ही खुर्ची मिळणार आहे असे कोणी सांगितले असते तर त्याने ती थट्टाच समजली असती. पण २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच झाले.

म्हणजे छापील विज्ञानकथेला मराठीत मान्यतेची एक नीट आखलेली वाट होती: परिषदेची स्पर्धा, मासिकात प्रसिद्धी, संग्रह, समीक्षकाचा अभिप्राय, संमेलनाचे व्यासपीठ. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकेला अशी वाट कोणी आखून दिली नाही, आणि वऱ्हाडात तर ती मालिका मराठीतून अवतरलीही नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी खुद्द दूरचित्रवाणी या मुलुखात कशी आली, ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'गजरा', 'चिमणराव', 'आमची माती आमची माणसं' ही नावे मुंबई-पुण्याच्या घराघरांत दुमदुमू लागली तरी अकोल्याच्या टिळक रस्त्यावरील किंवा अमरावतीच्या राजकमल चौकातील मनुष्याला त्यांची खबर वृत्तपत्रांतूनच काय ती लागे. १९७५-७६ च्या उपग्रह-शिक्षण प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसले, परंतु महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. पुढे १९८३ च्या ऑगस्टअखेर इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशात गेला आणि १९८४ साली सरासरी रोज एक प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा सरकारने लावला, तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आपल्या जिल्ह्यांचे नशीब उघडले. हे लघुशक्ती प्रक्षेपक अवघ्या शंभर वॉटचे असत. त्यांचा पल्ला शहराभोवतीच्या वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे फारसा जात नसे. त्यामुळे अमरावतीपासून पन्नास किलोमीटरवरील परतवाड्यासारख्या गावी चित्र दिसावयाचे तर गच्चीवर किंवा टिनाच्या छपरावर लोखंडी नळाची उंच काठी रोवून तिच्या शेंड्यास ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांची अँटेना बांधणे प्राप्त होई. एकाने वर चढून काठी फिरवावी, दुसऱ्याने दारात उभे राहून 'आलं, आलं, गेलं' असा पुकारा करावा आणि तिसऱ्याने संचासमोर बसून पडद्यावरील मुंग्या कमी झाल्या की नाही याची ग्वाही द्यावी, असा हा तिघांचा उद्योग असे. संच स्वतः लाकडी कपाटात, सरकत्या दारांमागे. आणि पुष्कळ घरी त्या दारांना कुलूपही असे.

या प्रक्षेपकांचे काम दिल्लीहून उपग्रहामार्गे आलेला कार्यक्रम जसाच्या तसा पुढे फेकण्याचे. मुंबई केंद्राची मराठी सभा काही काळाने त्याच मार्गे येऊ लागली खरी, पण रात्रीचा मुख्य वेळ आणि रविवारची सकाळ दिल्लीची, म्हणजे हिंदीची. वऱ्हाडच्या इतिहासात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच रयतेवर चाले, त्याला दुअंमली म्हणत. दूरदर्शनच्या या व्यवस्थेत ती पुन्हा अवतरली, आणि जुन्या दुअंमलीप्रमाणेच इथेही जबर वाटा कोणाचा हे सर्वांना ठाऊक होते. विज्ञानमालिका दिल्लीच्या वाट्यात आल्या.

प्रथम आली ती परकीय, 'स्टार ट्रेक'. अमेरिकेत ही मालिका सप्टेंबर १९६६ पासून जून १९६९ पर्यंत चालली, तिचे ७९ भाग झाले आणि प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात ती तोट्याची ठरून बंद पडली. तथापि दुसऱ्या वर्षी ती बंद पडू नये म्हणून प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा जो पाऊस पाडला त्यामुळे तिला तिसरे वर्ष मिळाले. विज्ञानकथेच्या रसिकांच्या मेळाव्यात दिले जाणारे ह्यूगो पारितोषिक तिच्या भागांना १९६७ आणि १९६८ अशा दोन्ही वर्षी मिळाले. आणि बंद झाल्यावर स्थानिक केंद्रांवरील पुनःप्रक्षेपणांतून तिचा लौकिक एवढा वाढला की १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-विमानाला, पुन्हा पत्रांच्याच जोरावर, मालिकेतील यानाचे नाव देण्यात आले. सांगावयाचा मुद्दा एवढाच की, तिकडे या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती प्रेक्षकांच्या संघटित हट्टामुळे. इकडे रविवारी सकाळी ती इंग्रजीत लागे. धामणगाव किंवा मूर्तिजापूरच्या मुलाला त्यातले इंग्रजी कितपत कळत असेल हा प्रश्नच आहे. परंतु टोकदार कानांचा, कधीही न हसणारा तो अधिकारी आणि क्षणात माणसाला विरघळवून दुसरीकडे उभा करणारे ते यंत्र समजण्यास भाषा लागत नव्हती. पुढे कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' ही विश्वदर्शनाची मालिकाही दूरदर्शनने दाखविली. ती कथा नव्हे, शास्त्र. पण तिने निर्माण केलेल्या कुतूहलाचा लाभ कथेला झाल्यावाचून राहिला नाही.

ऐंशीचे दशक सरता सरता 'स्पेस सिटी सिग्मा' ही हिंदी मालिका आली. अंतराळातील वसाहत, तिचा कॅप्टन तारा, झखाकू हा परग्रहीय शत्रू, असा तिचा सरंजाम. 'स्टार ट्रेक'ची सावली तिच्यावर स्पष्ट पडली होती, आणि ती लपविण्याचा यत्नही फारसा झालेला नव्हता. १९८९ साली आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली. तिचा भर यानांवर किंवा दूरच्या ग्रहांवर नव्हता. मुलांनी घरच्या घरी जोडलेला संगणक आणि त्याच्या आधाराने घडणारा कालप्रवास, एवढ्या भांडवलावर ती उभी होती. गिरीश कर्नाड यांच्यासारखा जाणता नट तिच्यात होता आणि पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत मोठा निर्माता झालेला करण जोहर त्यातल्या मुलांपैकी एक होता. या दोहोंची तुलना केली तर माझे मत 'इंद्रधनुष'च्या बाजूने पडते. ज्याच्या हाती साधने तुटपुंजी आहेत त्याने अख्खे नगर आकाशात बांधावयास जाऊ नये. एका खोलीत एक यंत्र ठेवावे आणि बाकीचे काम प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवावे, ही समज तिच्या कर्त्यांना होती.

साधने किती तुटपुंजी होती, हे त्या काळच्या स्टुडिओत अंतराळ कसे तयार होई ते पाहिले म्हणजे कळते. नटास गडद निळ्या रंगाच्या पडद्यापुढे उभे करीत. यंत्राच्या साहाय्याने चित्रातला निळा रंग तेवढा काढून टाकून त्या जागी ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचे दुसरे चित्र बसवीत. याला क्रोमा म्हणत. नटाच्या अंगावर निळ्याची एखादी पट्टी जरी राहिली तरी तेवढ्या जागी त्याच्या छातीतून तारे चमकू लागत, आणि केसांच्या कडेला तर निळी झळाळी हमखास राही. यानाच्या भिंती प्लायवूडच्या आणि थर्मोकोलच्या, वर रुपेरी रंगाचा हात. नियंत्रणकक्ष म्हणजे उघडझाप करणाऱ्या दिव्यांची फळी. यान स्वतः दोऱ्यावर टांगलेली प्रतिकृती. संगणकाने चित्र काढण्याची कला आपल्याकडे अजून बाल्यावस्थेत होती आणि भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांचे दर तासावर चालत.

आता याच्या शेजारी पौराणिक किंवा ऐतिहासिक मालिकेची तयारी ठेवून पाहावी. मुकुट, गदा, बाहुभूषणे, पगड्या, अंगरखे, ढाली-तलवारी, पालख्या, अब्दागिऱ्या हे सारे मुंबईच्या पोशाखवाल्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. नाटक कंपन्यांनी त्याची मागणी निर्माण केली, मूकपटांनी ती वाढविली, बोलपटांनी तिला बाजारपेठेचे रूप दिले; मगनलाल ड्रेसवाला यांच्यासारख्या पेढ्या त्यावर नावारूपाला आल्या. जागीरदारांनी 'स्वामी' उभी केली तेव्हा पेशवाईचे वाडे, पेशवाईची भाषा जाणणारे लेखक आणि पेशवाई पगडी बांधणारे हात हे सर्व हाताशी होते. भविष्यकाळाचा पोशाख मात्र कोणाच्याही दुकानात भाड्याने मिळत नव्हता. तो प्रत्येक वेळी नव्याने, शून्यातून शिवावा लागे, त्यासाठी काय बेतावे हे शिंप्याला सांगणारा कोणी जाणकार नसे, आणि तेरा भाग संपले की त्याला दुसरे गिऱ्हाईक सापडत नसे. विज्ञानमालिका आपल्याकडे खुरटल्या त्याचे कारण पुष्कळ जण समाजाच्या अवैज्ञानिक वृत्तीत शोधतात. मला ते या बाजाराच्या हिशेबात अधिक सापडते.

तेरा भागांचा उल्लेख आला तो सहज नव्हे. दूरदर्शनच्या कारभारात मालिकेची मंजुरी तेरा-तेरा भागांच्या हप्त्याने मिळे. निर्मात्याने दिल्लीच्या मंडी हाऊसमध्ये अर्ज गुजरावा, कथेचा गोषवारा आणि नमुन्याचा भाग दाखल करावा, समितीचा हुकूम होईपर्यंत वाट पाहावी, प्रायोजक पैदा करावा आणि तेरा भाग संपत आले की मुदतवाढीसाठी पुन्हा त्याच पायऱ्या झिजवाव्या, असा तो जाबता होता. १९८४ च्या 'हम लोग'पासून प्रायोजकाची पद्धत रुळली. मॅगीच्या शेवयांच्या पैशावर एक अख्खे कुटुंब दीडशेहून अधिक भाग नांदले. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये 'महाभारत', तेव्हा प्रायोजकाने आपला पैसा कोठे लावावा हा प्रश्नच उरला नाही. कथा सर्वांना मुखोद्गत, पोशाख तयार, भक्ती अनायासे. ज्याची गोष्ट कोणालाच ठाऊक नाही, ज्यात पात्रांच्या नावापासून सर्व समजावून द्यावे लागते, अशा मालिकेसाठी साबणवाल्याने किंवा टूथपेस्टवाल्याने तिजोरी का उघडावी?

वऱ्हाडातल्याच एका स्थळावरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १८०० मीटर व्यासाचे, उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले. अशा खडकातील उल्काविवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून जगभरचे भूशास्त्रज्ञ तिथे येतात. पण गावातील कोणाही म्हाताऱ्यास विचारावे तर तो लवणासुराची कथा सांगेल: भूमीखाली दडलेल्या त्या राक्षसाला विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन मारले आणि त्याची ही विवर-गुहा उघडी पडली, त्याच विष्णूचे देऊळही गावात आहे. दोन्ही कथांत आकाशातून काही तरी खाली येते आणि जमीन विदीर्ण होते. पहिली कथा दाखविण्यास आगीचा लोळ, हादरणारी भूमी आणि वितळणारा खडक लागेल. दुसरीला चतुर्भुज विष्णू आणि शिंगांचा राक्षस पुरे, आणि ते दोघेही पोशाखवाल्याच्या खुंटीवर टांगलेलेच असत.

१९८९ हे साल अमरावतीच्या दृष्टीने मोठे लक्षणीय आहे. त्या वर्षी साहित्य संमेलन अमरावतीस भरले, के. ज. पुरोहित म्हणजे 'शांताराम' त्याचे अध्यक्ष होते. आणि त्याच वर्षी देशभरच्या संचांवर 'इंद्रधनुष' लागत होती. विज्ञानकथा वाङ्मय म्हणून तोवर संमेलनांत मान्य झाली होती; परंतु मालिका हा साहित्यसंमेलनाचा विषय नव्हता, तो वृत्तपत्रातील करमणुकीच्या पानाचा विषय होता, आणि त्यातूनही मुलांच्या मालिकेवर अभिप्राय लिहावा असे कोणाला वाटत नसे. आपल्याकडे पत्रे लिहिणारा प्रेक्षक नव्हता असे नाही. दूरदर्शनकडे पत्रांच्या थैल्या येत. पण ती पत्रे शंका विचारीत, स्तुती करीत, गाण्याची फर्माईश करीत. बंद होऊ घातलेल्या मालिकेसाठी संघटितपणे भांडण्याचा रिवाज त्यांच्या मागे नव्हता. म्हणून 'सिग्मा' आणि 'इंद्रधनुष' यांना जी मान्यता मिळाली ती उशिराची आणि खासगी स्वरूपाची: त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली पिढी चाळिशीला आल्यावर चारचौघांत झखाकूचे नाव काढते आणि समोरचा चमकून ओळख देतो, एवढीच.

यात मुंबई केंद्राचा दोष किती? नाव घेताच सर्वांस आठवावी अशी मराठी विज्ञानमालिका त्या केंद्राच्या लौकिकात दिसत नाही, हे खरे. नारळीकरांच्या कथा होत्या, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या होत्या. कथांचा दुष्काळ तर नव्हताच. यांतील कित्येक कथा अशा की त्यांना एक प्रयोगशाळा, दोन माणसे आणि एक टेलिफोन एवढे नेपथ्य पुरावे. मराठी रंगभूमीचे नट आणि शब्दावर भिस्त ठेवण्याची मराठी नाटकाची सवय यांच्या बळावर अशी मालिका थोड्या खर्चात उभी राहू शकली असती, असे मला राहून राहून वाटते. परंतु विज्ञानकथा म्हटली की यान हवेच, ही 'स्टार ट्रेक'ने लावलेली समजूत निर्मात्यांच्या मनातून गेली नाही, आणि यान परवडत नाही म्हणून कथाही बाजूस राहिली.

साधूंचेच उदाहरण घ्यावे. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या त्यांच्या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ साली 'सिंहासन' काढला. त्या चित्रपटाला नेपथ्य कोणते लागले? मंत्र्यांचे बंगले, मोटारी, टेलिफोन, वृत्तपत्राची कचेरी. सगळे मुंबईत जागच्या जागी हजर. पुढे पटेल यांच्या आंबेडकरांवरील चित्रपटाच्या पटकथेतही साधूंचा हात होता, म्हणजे पडद्याला हा लेखक परका नव्हता. 'विप्लवा' मात्र पुस्तकातच राहिली. विज्ञानाचा पदवीधर, राजकारणाचा अभ्यासक आणि पडद्याची भाषा जाणणारा असा लेखक मराठीत आणखी कोण होता? विज्ञानमालिकेला ज्या कारागिराची नितांत गरज होती तो परतवाड्यास जन्मून, अमरावतीस शिकून मुंबईत डोळ्यांसमोर वावरत होता, आणि त्याच्याकडून मंत्रालयाच्या गोष्टी तेवढ्या घेतल्या गेल्या.

नव्वदनंतर उपग्रहवाहिन्या आल्या, गल्लीगल्लीतून केबलवाल्यांच्या काळ्या तारा या गच्चीवरून त्या गच्चीवर गेल्या, उंच काठ्यांच्या अँटेना गंजून भंगारात निघाल्या, आणि दूरदर्शनची मक्तेदारी संपली. अशा पडत्या काळात, १९९८ साली, दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' आली. दिग्दर्शक केतन मेहता. नायक मिलिंद सोमण, म्हणजे मराठी घरातला. कथा कैदेतून निसटलेल्या गुन्हेगारांचा ग्रहोग्रही पाठलाग करण्याची. 'सिग्मा'पासून या मालिकेपर्यंत जो फरक पडला तो दोऱ्यावरच्या यानापासून संगणकातल्या यानापर्यंतचा. आजच्या डोळ्यांना तिच्यातील चित्रे कच्ची वाटतात, पात्रांच्या चेहऱ्यावर प्रकाश एकीकडून आणि मागील ग्रहावर दुसरीकडून पडलेला दिसतो. परंतु प्रत्येक भागासाठी नवे जग उभे करण्याचे धाडस तिने केले, आणि ते आपल्याच मुलुखातल्या संगणकांवर केले. मेहता हे पुण्याच्या त्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, जिची घडी प्रथम अमरावतीच्या जागीरदारांनी बसविली होती.

या मालिकेच्या सुमारास मेहता यांनी संगणक-चित्रांच्या कामासाठी 'माया' ही कंपनी चालविली होती. हाताखाली माणसे हवीत आणि ती तयार मिळत नाहीत, ही पूर्वी पोशाखाबाबत होती तीच अडचण आता चित्रकारांबाबत उभी राहिली, तेव्हा या कंपनीतून शिकवणीची संस्था निघाली. 'मॅक' या नावाने तिच्या शाखा देशभर पसरल्या आणि २०१० साली ॲप्टेकने ती विकत घेतली. कॅप्टन व्योम केव्हाच निवृत्त झाला. शिकवणीचा धंदा चालू आहे, आणि दहावी-बारावी झालेल्या मुलाला ॲनिमेशनच्या वर्गात घालावे की अभियांत्रिकीला, यावर अकोला-अमरावतीच्या घरांतूनही आता वाद होतात, ज्यात फीचा आकडा ऐकून बाप अभियांत्रिकीच्या बाजूने बोलतो आणि मुलगा संगणकावर आपण केलेले यान उघडून दाखवितो.